‘नको’ म्हणणारी नायिका

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. आता निवृत्त होऊन ते नातीच्या शिक्षणाकडे लक्ष देतात. नात बारा वर्षांची. वाचनाचा तिला मोठा नाद. मागील दिवाळीत तिला काय वाचावयास द्यावे असे त्यांनी आम्हांस विचारले, तेव्हा मॅडेलिन लेंगल ह्या अमेरिकन लेखिकेची ‘अ रिंकल इन टाइम’ ही कादंबरी आम्ही त्यांच्या हाती ठेविली. आठ दिवसांनी पुस्तक परत आले. आजोबांनी ते आधी स्वतः वाचले होते, आणि हे त्यांच्या कर्तव्यदक्षतेस शोभण्यासारखेच झाले. त्यांचा अभिप्राय असा पडला: ‘पुस्तक हुशारीने लिहिले आहे; पण मुलगी फार रडते. कोठे जा म्हटले की आधी नको म्हणते. आमच्या मुलींपुढे आदर्श ठेवावयाचा तो असा का?’

त्याच सुमारास एका विदुषींची गाठ पडली. त्या महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवितात आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर त्यांचे लिहिणेबोलणे सडेतोड असते. ह्या पुस्तकाचे नाव निघताच त्यांनी नाक मुरडले. त्यांचे म्हणणे असे की, मुळूमुळू रडणाऱ्या नायिका मुलींना पुष्कळ देऊन झाल्या. आता हवी ती निर्भय, शस्त्र चालविणारी, कोणाला न जुमानणारी कन्या. आणि ही मेग तर शेवटी जिंकते तीही प्रेमाच्या बळावर, म्हणजे बाईच्या माथी पुन्हा तेच! आजोबांस नायिका पुरेशी आज्ञाधारक वाटली नाही. विदुषींस ती पुरेशी बंडखोर वाटली नाही. दोन टोकांची ही दोन माणसे एका गोष्टीत मात्र एकमेकांस टाळी देतात: संकटापुढे उभे राहताना मुलीने कचरता कामा नये. आमचा वाद आहे तो ह्या एकमताशी. मेगचे कचरणे हाच ह्या कादंबरीचा प्राण आहे असे आम्ही समजतो. आणि ज्या घरांत मुलीच्या ‘नको’ला काडीचीही किंमत नाही, त्या घरांतच हे कचरणे वैगुण्य वाटावयाचे, असेही आमचे मत आहे.

कथा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगितली पाहिजे. मेग मरी ही शाळकरी वयाची मुलगी. डोळ्यांवर चष्मा, दातांवर तारा, केस कधी मनासारखे न बसणारे. गणितात तिची बुद्धी अशी चालते की, वरच्या वर्गातील मुलाची उदाहरणे ती बसल्या बैठकीस सोडवून देते. पण निकाराग्वा देशाची आयात-निर्यात काय असे शिक्षिकेने विचारले की तिचे डोके फिरते, उलट उत्तर जाते आणि स्वारी मुख्याध्यापकांपुढे उभी राहते. धाकट्या भावाला कोणी खुळा म्हटले म्हणून एका दांडग्या पोराशी ती मारामारी करून आली आहे. आईबाप दोघेही शास्त्रज्ञ. आई तर घरच्या प्रयोगशाळेत ज्या ज्योतीवर प्रयोग करावयाचा तिच्यावरच रात्रीचे कालवण शिजत ठेविते. बाप सरकारी कामावर गेला तो गेलाच. वर्ष उलटले, पत्र नाही. तो दुसऱ्या बाईबरोबर पळाला असावा अशी कुजबुज गावात चालते आणि ती मेगच्या कानी पडते.

एका वादळी रात्री ह्या घरात एक विलक्षण म्हातारी येऊन थडकते. तिच्या आणखी दोघी सोबतिणी आहेत. मिसेस व्हॉट्सिट, मिसेस हू आणि मिसेस व्हिच ह्या त्रिकुटाबरोबर मेग, तिचा पाच वर्षांचा असामान्य बुद्धीचा भाऊ चार्ल्स वॉलेस आणि केल्विन नावाचा शाळेतील मुलगा असे तिघे जण बापाच्या शोधार्थ पृथ्वी सोडून निघतात. प्रवासाची युक्ती मोठी मौजेची आहे. वस्त्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालेल्या किड्याला सारे अंतर तुडवावे लागेल; पण वस्त्राची घडी घालून दोन्ही टोके जुळविली तर त्याला एक पाऊल पुरे. पुस्तकाच्या नावातील सुरकुती ती हीच. बाप सापडतो तो कॅमाझॉट्झ नामक ग्रहावर, एका पारदर्शक स्तंभात कोंडलेला. तेथे राज्य आहे ते एका देहावेगळ्या मेंदूचे. त्याचे नावही ‘इट’, म्हणजे नुसते ‘ते’. चार्ल्स वॉलेसला आपल्या बुद्धीचा ताठा. मी आत शिरून पाहतो, मला काय होणार, अशा घमेंडीत तो पोर ‘ते’च्या कह्यात जातो. बाप केल्विन व मेग ह्यांना घेऊन कसाबसा निसटतो. धाकटा मागे राहतो.

येथवर मेगच्या मनाची समजूत एवढीच, की वडील भेटले म्हणजे सारे ठीक होईल. वडील भेटले आणि काहीच ठीक झाले नाही. मुलांच्या पुस्तकांत ही गोष्ट इतक्या निष्ठुरपणे सांगितलेली आम्ही फारशी पाहिली नाही. दुसऱ्या एका ग्रहावर गारठून, अर्धमेली होऊन पडलेली मेग शुद्धीवर येताच बापाला लागेल असे बोलते: तुम्ही त्याला टाकून आलात, तुम्हांला काहीच करता येत नाही. तिची शुश्रूषा करणारा जीव डोळे नसलेला, करड्या केसाळ अंगाचा, अनेक बाहूंचा आहे. मेग त्याला मोठ्या मायेने ‘आँट बीस्ट’ म्हणते, आपण पशुमावशी म्हणू. त्या मावशीच्या कुशीत ती तान्ह्या मुलासारखी निजते. आणि मग त्या तिघी पुन्हा येतात व प्रश्न उभा राहतो: चार्ल्स वॉलेसला परत कोणी आणावयाचे? बापाने त्याला अगदी लहानपणी सोडले; तो त्याला पुरता ओळखत नाही. केल्विनची ओळख चार दिवसांची. भावाला अंतर्बाह्य ओळखणारी एक मेगच. तिनेच जावयाचे, तेही एकटीने.

मेग काय करिते? ती आक्रोश करिते. मला नाही जमणार म्हणते. आजोबांनी पुस्तक मिटले ते बहुधा ह्याच पानावर. पण त्यांनी आजूबाजूची माणसे नीट न्याहाळली असती तर फार बरे झाले असते. ह्या प्रसंगी तिला जा असे कोणीही सांगत नाही. तिघी वृद्धा जे खरे ते सांगून गप्प राहतात. बाप व केल्विन तर तिला सोडावयासच तयार नाहीत. म्हणजे ‘नको’ म्हणण्याची वाट तिला सताड उघडी आहे. ‘नको’ म्हणून ती मावशीच्या कुशीत राहिली असती तर तिला बोल लावणारे कोणी नव्हते. ती वाट दिसत असता, भीतीने अंग कापत असता, थोड्या वेळाने ती म्हणते की मी जाईन. आधीचा नकार खरा होता म्हणूनच ह्या होकाराला वजन आहे. ज्याला नकाराची मुभाच नाही त्याच्या होकाराला आपण धैर्य म्हणतो काय? वेठीला धरलेला मजूरही ओझे उचलतोच.

आमच्या वाचकांस हा प्रकार नवीन वाटू नये. दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून ज्याने धनुष्य टाकिले, ज्याचे तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, त्या वीराच्या ‘नको’ने आमच्या सर्वांत मान्य ग्रंथाचा आरंभ झाला आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. त्या नकाराला उत्तर द्यावयास पुढे सतरा अध्याय लागले, आणि ते सर्व मराठीत आणावयास ज्ञानेश्वरांना सुमारे नऊ हजार ओव्या लागल्या. अर्जुन रडका होता, तो मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवू नये, असे कोणी कीर्तनकार म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उलट, त्याचा विषाद ही ज्ञानाची पहिली पायरी असे आम्ही भाविकपणे सांगतो. समुद्रकाठी सारे वानर उड्डाणाच्या बढाया मारीत असता हनुमंत एका बाजूस मुकाट बसून होता. जांबवंताने आठवण करून दिली तेव्हा तो उठला. त्याचे ते बसून राहणेही आम्हांस गोड वाटते. तीच गोष्ट चष्मा लावलेल्या मुलीने केली, की तिला रडूबाई म्हणून मोकळे! पुरुष कचरला तर त्याचा विषाद होतो आणि मुलगी कचरली तर तिचे नखरे होतात. आजोबांच्या घरी रोज सकाळी गीतेचा पाठ होतो म्हणूनच हे दृष्टांत आम्ही घेतले; अन्यथा जगाच्या वाङ्मयात दृष्टांतांस तोटा नाही.

आता विदुषींकडे वळू. निर्भय कन्येची त्यांची मागणी आज बाजारातही खपते. शूर मुलींच्या गोष्टींची सचित्र पुस्तके हल्ली दुकानांत ढिगांनी मिळतात. मुखपृष्ठावरील मुलीचे हात कमरेवर, हनुवटी वर, डोळ्यांत भीतीचा लवलेश नाही. मुलींना पराक्रम मिळू लागला ह्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु भीतीच नसेल तर धैर्य कशावर उभे राहावयाचे हे आम्हांस कळत नाही. विराटाचा पुत्र उत्तर अंतःपुरात बसून कौरवांना चारी मुंड्या चीत करीत होता. सेना दृष्टीस पडताच रथातून उडी टाकून पळाला. ज्या मुलीला पुस्तकांनी सांगितले की शूर मुलीला भीती वाटतच नाही, ती पहिल्यांदा खरोखर भ्याली की काय समजेल? आपण शूरांच्या जातीतल्या नाही एवढेच. मेग वाचलेली मुलगी तसे समजणार नाही. गुडघे कापत असताही पुढे जाता येते, हे तिने पाहिलेले असते.

सुशिक्षित घरांतून एक वाक्य आम्ही वारंवार ऐकतो: ‘आम्ही मुलीला अगदी मुलासारखी वाढविली.’ बोलणाऱ्याच्या मुद्रेवर त्या वेळी कृतकृत्यता असते. मुलाला मुलीसारखा वाढविला असे अभिमानाने सांगणारा बाप आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. ते असो, पण मुलासारखी वाढविली म्हणजे केले काय? सायकल दिली, पोहावयास घातली, दहावीनंतर शास्त्रशाखेकडे पाठविली, प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीवर्गात नाव घातले. तिला विचारले होते का? विचारले होते तर! मात्र विचारण्यापूर्वी वर्गाचे पैसे भरून झाले होते. पुढे स्थळ येते तेव्हाही ‘तुझ्या पसंतीवर सारे’ असे म्हटले जाते, आणि मुलगी खाली मान घालून बसली की तिची पसंती पडली असे धरून दोन्हीकडची मंडळी पेढे वाटावयास निघतात. अशा घरांत मुलीच्या तोंडून निघणारे ‘नको’ हे एक तर उद्धटपणाचे लक्षण ठरते, नाही तर वयाचे. तो तिचा विचार असू शकेल हे कोणाच्या गावीही नसते. मग तशीच एक मुलगी पुस्तकात ‘नको’ म्हणू लागली की वडिलांस ते खटकावे ह्यात नवल काय?

लेंगलबाईंनी कॅमाझॉट्झचे चित्र काढिले आहे ते ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. गावात एका मापाची घरे, प्रत्येक घरापुढे एक मूल, प्रत्येक मूल एकाच तालावर दोरीवरून उडी मारते किंवा चेंडू आपटते. उडी आणि चेंडू एकाच क्षणी जमिनीला लागतात. मग एकाच क्षणी सर्व दारे उघडतात आणि सर्व आया मुलांना एकाच क्षणी हाक मारितात. कोठे आरडाओरड नाही, मारहाण नाही, घाण नाही. एका मुलाचा ताल चुकतो, चेंडू हातून निसटतो. त्याची आई भेदरून त्याला घरात ओढून घेते. पुढे तोच मुलगा एका कोठडीत दिसतो. चेंडू तालात आपटण्याची तालीम चालली आहे, आणि प्रत्येक आपटीगणिक त्याच्या तोंडून वेदनेची किंकाळी निघते. पुस्तक निघाले तो काळ अमेरिका आणि रशिया ह्यांच्या शीतयुद्धाचा. त्यामुळे काहींनी ह्यात साम्यवादी राजवट पाहिली, काहींना अमेरिकेतील एकसारखी उपनगरे दिसली. आम्हांस मात्र हे गाव ओळखीचे वाटले. परीक्षेच्या महिन्यात आमच्याच गल्लीत संध्याकाळी सातच्या ठोक्याला सर्व घरांची दारे लागतात.

अशा गावाशी सामना करावयास मेगजवळ काय असते? गावात शिरण्यापूर्वी मिसेस व्हॉट्सिट तिला भेट म्हणून तिचेच दोष देते. हट्टीपणा, राग, उतावीळपणा: शाळेत ज्यांच्यापायी तिला शिक्षा झाल्या तेच. मेग हिरमुसते, दोष घालविण्यासाठीच तर ती धडपडत असते. पण ‘ते’च्या संथ तालात जेव्हा सर्वांची मने विरघळू लागतात तेव्हा तिला तारून नेतो तो हा राग आणि हा हट्ट. शहाणा, समजूतदार, बुद्धिमान चार्ल्स वॉलेस बुडतो. चिडखोर मेग तरते. ज्या ज्या गोष्टी प्रगतिपुस्तकावर लाल शाईने लिहिल्या जातात, त्यांपैकी एखादी मुलाच्या जिवाचा आधार असू शकेल, हा विचार एका माजी मुख्याध्यापकास पचावयास जड जाणार हे आम्ही जाणतो.

प्रेमाचा आक्षेप मात्र हातावेगळा करावयास इतका सोपा नाही. ‘ते’जवळ सर्व काही आहे, प्रेम नाही, हे ओळखून मेग आपल्या भावावर डोळे लावून उभी राहते, आपले त्याच्यावर प्रेम आहे असे त्याला पुनःपुन्हा सांगते, आणि पोर मोकळा होतो. मुलाने जाऊन तलवार मारावी आणि मुलीने जाऊन माया करावी, ही जुनीच वाटणी झाली, असे विदुषी म्हणतात. वरवर पाहता त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु त्या प्रसंगात एक बारीकशी जागा आहे, ती त्यांच्या नजरेतून निसटली असावी. त्या क्षणी मेगच्या मनात येते की, ‘ते’वरच प्रेम करिता आले तर कदाचित तेही कोळपून जाईल; आणि लगेच तिला उमगते की एवढे मोठे काम आपल्याच्याने होणार नाही. शत्रूवर प्रेम करणे तिला झेपत नाही, आणि झेपत नसल्याबद्दल ती स्वतःस दोष देत बसत नाही. ज्याच्यावर तिचे प्रेम खरोखर आहे त्याच्यावरच ती करिते. आमच्या कथाकादंबऱ्यांतील सर्वांवर सारखी माया करणारी, अपमान गिळून सासरचे मन जिंकणारी माउली ती ही नव्हे. बापावर रागावून, तो राग तोंडावर बोलून दाखवून, नंतर त्याची क्षमा मागून ही मुलगी येथवर आलेली आहे. तिचे प्रेम हे तिच्या रागाचेच भावंड आहे. म्हणून ते खरे आहे आणि म्हणून त्याला धार आहे.

नाखुशीने निघालेल्या मुलीची ही परंपरा मेगपासून सुरू झाली असेही नाही. हान्स अँडर्सनची ‘हिमराणी’ १८४४ साली प्रसिद्ध झाली. तीत गेर्डा ही लहानशी मुलगी पळविलेल्या सवंगड्यासाठी अनवाणी उत्तरेकडे चालत जाते. तिला काही शक्ती द्या असे तिचा रेनडियर एका शहाण्या बाईस विनवितो तेव्हा ती म्हणते की हिच्याजवळ आहे त्याहून अधिक देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या कादंबरीत डोरोथीला वावटळीने ऑझच्या मुलखात नेऊन टाकिले. तिला पराक्रम नको आहे. तिला घरी जावयाचे आहे. मांत्रिक म्हणतो, आधी त्या दुष्ट चेटकिणीला मार, मग घरचे बघू. पोर रडू लागते. तिला कोणाचा जीव घ्यावयाचा नाही. वडील माणसे आपली कामे मुलांच्या गळ्यात कशी बांधतात ह्याचा ह्याहून चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही, कारण मांत्रिक निघतो तो निव्वळ भोंदू! मेगच्या कथेत आणि हिच्यात अंतर पडते ते येथेच. डोरोथीला सौद्यात पाठविले जाते; मेगला कोणी पाठवीत नाही.

आमच्याकडे काय आहे? अद्भुताचे आम्हांस वावडे नव्हते. आरंभीच्या काळातील मराठी कादंबरी पुष्कळशी त्याच बाजूने गेली. १८६१ ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ ची ‘मंजुघोषा’ ह्या दोहोंस नावे नायिकांचीच आहेत. पण मुक्तामालेची कीर्ती ती तिने सोसलेल्याची. सोसणे हीच तिची कर्तबगारी. पुढे कुमारांसाठी साहसकथा आल्या आणि भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने दोन-तीन पिढ्यांस वेड लाविले. त्याच्या सायकलीमागून मुलींनीही मनाने पुष्कळ दौड केली. सायकलीवर मात्र तोच. राहता राहिली भोपळ्यातली म्हातारी. लेकीकडे निघालेली ती एकटी बाई वाघाच्या रानातून जाते, घाबरते, थाप मारिते, वाघाला बनविते आणि सुखरूप परत येते. भीती लपविल्याशिवाय संकटातून पार पडणारी अशी दुसरी नायिका आमच्या बालवाङ्मयात आम्हांस चटकन आठवत नाही. म्हातारी झाल्याखेरीज बाईने एकटीने रान ओलांडू नये असा काही आमच्या गोष्टींचा दंडक असेल तर न कळे! सावित्री तरुण होती खरी, आणि यमाच्या मागोमाग ती चालत गेली हे साहसच. पण त्या साहसाचे आम्ही वडाभोवतीचे सूत करून टाकिले.

ज्या देशात मेग जन्मली तेथेही तिचे स्वागत झाले नव्हते, हे आमच्या प्रकाशकांनी लक्षात घ्यावे. लेंगलबाईंना चाळिसाव्या वाढदिवशी एक हस्तलिखित परत आले आणि आता लेखन पुरे असे त्यांनी मनाशी ठरविले; तो नेम अर्थातच टिकला नाही. त्यानंतर लिहिलेली ही कादंबरी दोन डझनांहून अधिक वेळा नाकारली गेली. पुस्तक मुलांचे की मोठ्यांचे ते कळेना. त्यात दुष्टाव्याची चर्चा फार. आणि विज्ञानाच्या कल्पित कथेत नायिका मुलगी, हे तर त्या वेळी रीतीला सोडूनच होते. अखेर १९६२ साली ती निघाली आणि १९६३ साली तिला अमेरिकेतील बालवाङ्मयाचे न्यूबेरी पदक मिळाले. पुढेही तिचे ग्रह फारसे सुधारले नाहीत. अंधाराशी झुंजलेल्या थोरांच्या यादीत तिने ख्रिस्ताबरोबर बुद्ध, गांधी, आइन्स्टाइन ह्यांस एका पंक्तीला बसविले म्हणून तिकडील काही धर्मनिष्ठांचा रोष झाला आणि शाळांतून पुस्तक काढून टाकण्याच्या मागण्या झाल्या. गांधींचे नाव वाचून आमच्या आजोबांचे मन मात्र क्षणभर द्रवले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

पुस्तक निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. शेवट फारच घाईने आटोपला आहे. विश्व पालथे घालून आलेली मंडळी घरच्या भाजीच्या वाफ्यात येऊन पडतात आणि चार पानांच्या आत कथा संपते. त्या तिघी वृद्धा अवतरणांत बोलू लागल्या की कधी कधी पाठशाळेत बसल्यासारखे होते. आणि केल्विन मेगला म्हणतो की तू चष्मा काढू नकोस, तुझे डोळे किती सुंदर आहेत हे दुसऱ्या कोणाला कळावयास नको, तेथे तर लेखिकेने आपल्या काळातील रूढीला साष्टांग नमस्कारच घातला आहे. विदुषींनी प्रेमाऐवजी ह्या वाक्यावर शस्त्र धरिले असते तर आम्ही मुकाट्याने त्यांच्या बाजूस जाऊन उभे राहिलो असतो.

अद्भुत म्हणजे खोटे, आणि खोटे वाचून मुले बिघडतात, असा एक तिसरा पक्षही आहे. त्याला उत्तर देण्यात आम्ही जागा खर्च करीत नाही. त्या पक्षाची मुले चोरून वाचतातच.

चोरून वाचण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पुस्तक आमच्याकडे परत आले खरे, पण त्याच्या मध्यावर एक रेशमी दोरा राहिला होता, आणि आजोबांस खुणेचे दोरे घालण्याची सवय नाही. चार दिवसांनी नात आली, दोऱ्याच्या जागेपासून पुढे आमच्या ओटीवर बसून वाचून गेली, आणि जाताना तिने एवढेच विचारले की मेगला पुढे पुन्हा कोणी बोलावते का. बोलावते. १९७३ साली निघालेल्या ‘अ विंड इन द डोर’ ह्या पुढील भागात मेगवर असा प्रसंग येतो की, तिला उठता बसता बोल लावणाऱ्या त्या मुख्याध्यापकांचीच तीन रूपे तिच्यापुढे उभी राहतात. त्यांतले खरे कोणते ते तिने ओळखावयाचे, आणि ओळखण्यासाठी त्या माणसात प्रेम करण्यासारखे काही तरी शोधून काढावयाचे. हे काम ऐकून मेग अर्थातच आधी नको म्हणते. तो भाग आम्ही ह्या खेपेस मुद्दाम आजोबांच्याच हाती दिला आहे. तीन आठवडे झाले. पुस्तक अजून परत आलेले नाही.